पत्री या शब्दाच्या मागावर

बैलाच्या खुराला लोखंडाची पातळ पट्टी ठोकतात, तिला पत्री म्हणतात. बैलाला दोराने आडवा पाडायचा, पाय एकत्र बांधायचे, खूर तासून सारखा करायचा आणि खिळा असा तिरका मारायचा की तो जिवंत मांसाला न लागता कडेने बाहेर यावा. खडीच्या रस्त्याने गाडी ओढणाऱ्या बैलाचे पत्रीवाचून चालत नसे. कृष्णाकाठच्या माणसाला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. १९४३ च्या सुमाराला याच शब्दाने एका सरकारचे नाव बदलले. नाना पाटील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभे केलेले 'प्रति सरकार' लोकांच्या तोंडी 'पत्री सरकार' झाले, आणि नावाबरोबर एक बातमीही गावोगाव गेली: हे लोक इंग्रजांच्या खबऱ्यांच्या तळपायाला बैलासारख्या पत्र्या ठोकतात.

ठोकत होते का? चळवळीतल्या माणसांच्या आठवणी, कासेगावात राहून गेल ऑम्वेट यांनी केलेले काम, आणि ए. बी. शिंदे यांचा या समांतर सरकारवरचा अभ्यास एकत्र वाचले, तर शिक्षा म्हणून पुन्हा पुन्हा समोर येते ती तळपायांवर काठीने मारण्याची. मार खाल्लेल्याला पुढे काही दिवस पाय जमिनीला टेकवत नसे. खिळे आणि पत्री ही अफवा. पण ती गावकऱ्यांनी मानली, सरकारी अधिकाऱ्यांनी मानली, आणि पुढे भूमिगतांनीही ते नाव अंगावरून झटकले नाही. आज सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत स्मारकांवर, पुस्तकांवर, भाषणांत 'पत्री सरकार' अभिमानाने म्हटले जाते.

या अफवेचा उगम एका माणसात शोधण्यात अर्थ नाही. ती ज्या परिस्थितीत वाढली, ती परिस्थिती मात्र कागदांवरून बरीचशी उभी करता येते. १९४२ ते १९४६ या चार वर्षांत या मुलखात बातमी कशी चालत होती, कोणाच्या हातात कोणते साधन होते, कोणते साधन कधी तुटले आणि त्याच्या जागी काय आले, हे जुळवत गेलो तर एक गोष्ट ठळकपणे दिसते. ज्यांच्याकडे यंत्रे होती त्यांनी कागद मागे ठेवले, आणि ज्यांच्याकडे फक्त माणसे होती त्यांनी शब्द मागे ठेवले.

आधी नकाशा समोर घेऊ. १९४२ चा सातारा जिल्हा आजच्यापेक्षा पुष्कळ मोठा होता. वाळवा, तासगाव, खानापूर, शिराळा हे सगळे साताऱ्यात मोडत. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा निघाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. सांगली शहर त्या वेळी पटवर्धनांच्या संस्थानाची राजधानी होते. शेजारी मिरज, कोल्हापूर, फलटण, जत ही संस्थाने. औंध संस्थानाचे तर तुकडे विखुरलेले होते. आटपाडी त्यातच, आणि कुंडलही त्यातच. हे कुंडल विसरता येत नाही, कारण प्रति सरकारचे नेते जी. डी. बापू लाड आणि त्यांची लढाऊ तुकडी तूफान सेना यांचे ते गाव. औंधच्या राजांनी, भवानराव पंतप्रतिनिधींनी, १९३९ मध्येच आपल्या प्रजेला स्वराज्याची घटना दिली होती. त्या संस्थानात काँग्रेसच्या माणसाकडे पाहण्याची नजर ब्रिटिश हद्दीतल्यासारखी नव्हती. इंग्रजी हद्दीतला फौजदार पाठलाग करत आला की एका ओढ्यापाशी त्याची हद्द संपायची, आणि पुढे परवानगी, पत्रव्यवहार, शिष्टाचार सुरू व्हायचा. पाठलागातल्या माणसाला तो ओढा ओलांडायला पाच मिनिटे पुरत.

या तुकड्यातुकड्यांच्या मुलखातून एकच अखंड रेघ जात होती, ती रेल्वेची. मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वेचा मीटरगेज मार्ग पुण्याहून लोणंद, वाठार, कोरेगाव, रहिमतपूर, मसूर करत कराडला यायचा. कराडचे स्टेशन गावापासून दूर, ओगलेवाडीला, जिथल्या काच कारखान्याचे प्रभाकर कंदील घराघरांत जळत होते. पुढे शेणोली, ताकारी, किर्लोस्करवाडी, भिलवडी आणि मिरज. रुळांच्या कडेने खांबांवर चिनी मातीच्या पांढऱ्या वाट्यांत अडकवलेली तार सोबत चालायची.

त्या तारेचे काम काय होते ते थोडे जवळून पाहायला हवे, कारण '१९४२ मध्ये तारा तोडल्या' हे वाक्य आपण इतक्या सहज वाचतो की तोडल्याने नेमके काय अडत होते हे निसटून जाते. मार्ग एकेरी होता. समोरासमोरच्या दोन गाड्या एकाच रुळावर येऊ नयेत म्हणून गाडी सोडण्याआधी स्टेशन मास्तर पुढच्या स्टेशनाला तारेने विचारायचा. तिकडून 'लाइन क्लिअर' आली की ड्रायव्हरच्या हाती परवानगी पडायची. तार मुकी झाली की गाडी जागच्या जागी उभी. मग जबाबदारी अंगावर घेऊन, वेग कमी ठेवून, कागदी हुकमांवर गाडी पुढे काढायची. दोष कुठे आहे हे शोधायला दोन्ही टोकांकडून चाचणी घ्यायची आणि लाइनमनला खांब मोजत पाठवायचे. रात्री विळा-कोयत्याच्या दोन घावांत तुटलेली तार दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत माणसे गुंतवून ठेवी. पोलिसांची जादा कुमक मागवायची तर त्याच तारेने, आणि कुमक यायची तर त्याच रुळांवरून.

तार तोडावी की नाही, यावर त्या वेळी खुद्द काँग्रेसमध्येच कागद फिरत होते. आंध्र प्रांतिक काँग्रेसचे २९ जुलै १९४२ चे परिपत्रक सरकारच्या हाती लागले. त्यात तारा तोडण्याचा उल्लेख होता, पण जीविताला धोका होईल म्हणून रूळ उखडू नयेत असेही होते. गांधीजींच्या 'हरिजन' साप्ताहिकाच्या २३ ऑगस्टच्या अंकात किशोरलाल मशरूवालांनी आपले वैयक्तिक मत म्हणून लिहिले, की माणसाला इजा होणार नाही एवढी काळजी घेऊन दळणवळण खिळखिळे करणे अहिंसेत बसू शकते. पुढे त्यांनी ते मत मागे घेतले. पण ते छापून गेले होते. 'हरिजन' त्याच महिन्यात बंद पडले. फेब्रुवारी १९४३ मध्ये गांधीजी आगाखान पॅलेसमध्ये उपोषणाला बसलेले असताना भारत सरकारने '१९४२-४३ च्या दंगलींची काँग्रेसवरील जबाबदारी' मांडणारी पुस्तिका काढली, आणि हे दोन्ही कागद तिच्यात पुरावा म्हणून आले. उत्तर द्यायला गांधीजी तुरुंगात, बाकीचे नेते तुरुंगात, वृत्तपत्रांवर निर्बंध. गांधीजींचे सविस्तर उत्तर जुलै १९४३ मध्ये लिहून झाले, ते सरकारलाच पाठवलेले पत्र होते. लोकांपर्यंत पुस्तिका गेली आणि तिचे उत्तर सरकारी दप्तरात पडून राहिले. १९४२ च्या माहितीयुद्धाचा विषम तोल मला या एका जोडीत सर्वांत स्पष्ट दिसतो.

तारेबद्दल आणखी एक गोष्ट इथेच सांगितली पाहिजे. तार तोडणाऱ्याला शिक्षा देणारे कलम ज्या कायद्यात होते तो १८८५ चा भारतीय तार कायदा. त्याच कायद्याच्या पाचव्या कलमाने सरकारला आणीबाणीच्या प्रसंगी संदेश अडवण्याचा आणि उघडून वाचण्याचाही अधिकार दिला. १० सप्टेंबर २०२३ च्या रात्री खटाव तालुक्यातल्या पुसेसावळी गावात, समाजमाध्यमावर फिरलेल्या आक्षेपार्ह मजकुरावरून जमाव चालून गेला, एका माणसाचा जीव गेला, आणि सातारा जिल्ह्यातले इंटरनेट बंद ठेवावे लागले. इंटरनेट बंद करण्याचे तेव्हाचे नियम २०१७ चे होते, पण त्यांचा पाया १८८५ चाच कायदा होता. एके काळी ज्या मुलखात लोकांनी सरकारची तार तोडली, तिथे अफवा थांबवण्यासाठी सरकारला स्वतःची तार तोडावी लागली. खटाव तालुक्याचे मुख्य गाव वडूज. तिथे ९ सप्टेंबर १९४२ ला काय झाले, ते आता पाहू.

मुंबईत ८ ऑगस्टला 'छोडो भारत'चा ठराव झाला, ९ ला पहाटे नेते पकडले गेले. सातारा जिल्ह्यातले कार्यकर्ते मुंबईहून परतले ते डोक्यात बातमी घेऊन. यशवंतराव चव्हाणांनी 'कृष्णाकाठ'मध्ये त्या दिवसांचे वर्णन केले आहे. ते आत्मचरित्र चार दशकांनंतरचे, त्यामुळे तपशिलाला दुसरा आधार घ्यावा लागतो. पण आखणी काय होती हे त्यातून कळते: मामलेदार कचेरीवर निःशस्त्र मोर्चे न्यायचे, तिच्यावर तिरंगा लावायचा, आणि सरकार संपले हे लोकांना डोळ्यांनी पाहू द्यायचे. २४ ऑगस्टला कराडला मोर्चा झाला. ३ सप्टेंबरला तासगावला कचेरीवर झेंडा चढला आणि खुद्द मामलेदाराच्या डोक्यावर गांधी टोपी आली. ही टोपीची बातमी जिल्हाभर पसरली. मोर्चाच्या दृष्टीने हाच खरा विजय होता, कारण कचेरीची भीती गेली.

पण तीच बातमी साताऱ्यालाही पोहोचली होती. तासगावची पुनरावृत्ती होऊ द्यायची नाही, असे अधिकाऱ्यांनी ठरवले असावे, असा माझा निष्कर्ष पुढच्या आठवड्यातल्या घटनाक्रमावरून आहे. ९ सप्टेंबरला वडूजच्या कचेरीवर मोर्चा आला, त्यात जयराम स्वामींच्या वडगावची माणसे मोठ्या संख्येने होती. झेंडा हाती घेतलेले परशुराम घार्गे पुढे होते. गोळीबार झाला, आणि घार्ग्यांसह नऊ जण गेले. दुसऱ्याच दिवशी इस्लामपूरला गोळीबार झाला. तिथे दोघे पडले. विष्णू बारपटे हे एक. दुसरे उमाशंकर पंड्या, किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातले इंजिनियर. तासगाव ते वडूज यांच्यामध्ये सहा दिवस आहेत. या सहा दिवसांत एकीकडे लोकांची हिंमत वाढली आणि दुसरीकडे बंदुका भरल्या गेल्या, आणि दोन्ही कामे एकाच बातमीने केली.

दिल्लीत या काळात काय लिहिले जात होते? कराडच्या मोर्च्यानंतर आठवड्याने, ३१ ऑगस्टला, व्हाइसरॉय लिनलिथगोने चर्चिलला तार केली. १८५७ नंतरचे सर्वांत गंभीर बंड आपण हाताळत आहोत, आणि लष्करी सुरक्षेसाठी त्याचे गांभीर्य व व्याप्ती आजवर जगापासून लपवून ठेवली आहे, असा तिचा आशय आहे. महायुद्ध चालू होते, जपानी सैन्य ब्रह्मदेशात होते, आणि सातारा हा सैन्यभरतीचा जिल्हा. अपशिंग्यासारख्या गावात घरटी एक शिपाई. आघाडीवरच्या जवानाला 'तुझ्या गावावर गोळ्या झाडल्या' हे कळणे, यापेक्षा मोठा धोका सरकारला वाटणे शक्य नव्हते. राष्ट्राच्या सुरक्षेच्या नावाखाली त्याच राष्ट्रातल्या लोकांपासून त्यांचीच बातमी लपवली जात होती, हे सर्वोच्च अधिकाऱ्याच्या सहीने नोंदले गेले आहे. ही तार वाचताना वडगावच्या घरांचा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. ज्यांची माणसे पुढच्या नऊ दिवसांत मरणार होती, त्यांना आपण कशाचा भाग आहोत हे सांगणारे छापील पान कुठेच नव्हते.

ती पोकळी भरण्याचा सर्वांत धाडसी प्रयत्न मुंबईत झाला. २७ ऑगस्ट १९४२ ला ४२.३४ मीटरवर 'काँग्रेस रेडिओ' बोलू लागला. उषा मेहता तेव्हा बावीस वर्षांच्या होत्या. बाबूभाई खाखर, विठ्ठलदास आणि चंद्रकांत झवेरी हे सोबती, राममनोहर लोहियांचे पाठबळ. युद्ध सुरू होताच हौशी वायरलेसवाल्यांचे परवाने रद्द करून त्यांची प्रक्षेपक यंत्रे बंद करण्यात आली होती. त्यामुळे सुटे भाग गोळा करून यंत्र जुळवावे लागले. एका जागी राहिले तर पोलिसांना दिशा सापडेल, म्हणून यंत्र गिरगाव-चौपाटी परिसरात एका घरातून दुसऱ्या घरात हलत राहिले. वृत्तपत्रांनी ज्याला हात लावला नाही ते, म्हणजे विदर्भातल्या चिमूर-आष्टीत उठावानंतर काय घडले ते, या रेडिओवरून लोकांनी ऐकले. १२ नोव्हेंबरला पारेख वाडीत पोलीस शिरले तेव्हा प्रक्षेपण चालू होते. यंत्र जुळवून देणाऱ्या तंत्रज्ञानेच जागा दाखवली होती. खटल्यात खाखर यांना पाच वर्षे आणि उषा मेहतांना चार वर्षे सक्तमजुरी झाली.

आता पुराव्याकडे पाहा. त्या अडीच महिन्यांत काँग्रेस रेडिओ काय बोलला हे आज आपल्याला कळते ते मुख्यतः पोलिसांमुळे. पोलिसांची माणसे रोज संध्याकाळी संच लावून बसत आणि ऐकलेले उतरवून घेत. तीच टिपणे न्यायालयात पुरावा झाली, आणि तीच पुढे अभ्यासकांच्या हाती आली. उषा ठक्कर यांनी २०२१ मध्ये त्यांच्या आधाराने पुस्तक लिहिले. शत्रूने सर्वांत लक्षपूर्वक ऐकले, म्हणून आवाज टिकला.

सातारा जिल्ह्यात असे यंत्र नव्हते, म्हणून अशी टिपणेही नाहीत. इथल्या खेड्यात रेडिओ संच असलाच तर एखाद्या वाड्यात. बर्लिनहून 'आझाद हिंद रेडिओ' बोलत असे, त्याचे शब्द इथवर यायचे ते तिसऱ्या-चौथ्या तोंडातून. सायक्लोस्टाइल केलेली पत्रके होती, पण वाचणारा एक आणि ऐकणारे पन्नास असा तो काळ. नाना पाटलांचे खरे माध्यम त्यांचे भाषण होते. येडेमच्छिंद्रचा हा माणूस काही काळ स्वतः तलाठी होता. गावाच्या दप्तराची भाषा त्याला ठाऊक होती आणि तो बोलायचा पारावरची भाषा. रात्री एका गावात सभा, पहाटेपर्यंत दुसरे गाव. सभा कुठे आहे हे पत्रकात छापलेले नसे, पण ज्याला कळायचे त्याला कळत असे. १९४२ पासून १९४६ पर्यंत इतके बक्षीस, इतका शोध, इतके पोलीस असूनही ते सापडले नाहीत. बातमीच्या लढाईचा निकाल सांगायला एवढा एक पुरावा मला पुरेसा वाटतो.

ते का सापडले नाहीत, याचे उत्तर तारेच्या दुसऱ्या टोकाला आहे. सरकारी बातमीची साखळी अशी होती: पोलीस पाटील फौजदाराला सांगणार, फौजदार आणि मामलेदार जिल्ह्याला, कलेक्टर मुंबईला, आणि मुंबई सरकार दर पंधरवड्याला दिल्लीला अहवाल पाठवणार. मुंबईपासून तालुक्यापर्यंत तार होती, टपाल होते. तालुक्यापासून गावापर्यंत फक्त पोलीस पाटील होता. गावची खबर वर कळवणे हे १८६७ च्या ग्राम पोलीस कायद्याने त्याचे काम. भूमिगतांनी पहिल्या काही महिन्यांत खांबावरची तार तोडली, चावड्या आणि डाक बंगले जाळले. ते सगळे सरकार पुन्हा उभे करू शकत होते आणि करतही होते. देशभरात १९४३ अखेरपर्यंत ९४५ पोस्टे आणि ३३२ रेल्वे स्टेशने उद्ध्वस्त झाली किंवा त्यांचे जबर नुकसान झाले, तरी राज्य चालूच राहिले. साताऱ्यात १९४३ पासून जे झाले ते वेगळे होते. साखळीची ही शेवटची, माणसाची कडी निखळली. पोलीस पाटील गप्प झाले, काहींनी राजीनामे दिले.

त्यांना गप्प कशाने केले? इथे चळवळीवर प्रेम करणाऱ्या माणसानेही सरळ बोलले पाहिजे. एक कारण भीती. खबऱ्या ठरलेल्या माणसाला मार बसत होता, आणि पत्रीची अफवा त्या भीतीला गावाच्या वेशीबाहेर नेत होती. एखाद्याला खबऱ्या कोण ठरवणार, त्याची बाजू कोण ऐकणार, जुने वैर असलेला शेजारीच आरोप करत असेल तर काय, हे प्रश्न तेव्हाही होते. विजयी पक्षाच्या आठवणींत त्या मार खाल्लेल्यांचा आवाज फार क्वचित येतो, आणि सरकारी कागदांत येतो तेव्हा तो सरकारच्या कामापुरता. दुसरे कारण विश्वास, आणि भीतीपेक्षा ते अधिक काळ टिकले. पोलीस भूमिगतांच्या मागे गुंतल्यावर दरोडेखोरांनी डोके वर काढले होते, काहींनी तर चळवळीचेच नाव वापरले. प्रति सरकारने त्यांचा बंदोबस्त केला. न्यायदान मंडळांनी शेताच्या बांधाचे, सावकाराच्या गहाणखताचे, टाकलेल्या बायकांचे तंटे गावातच सोडवले. बिनखर्चाचे विवाह लावले. ज्याच्याकडे तंटा नेता येतो त्याच्याबद्दल माणूस पोलिसाला सांगत नाही.

निरोप चालायचे ते पायांनी, आणि त्यातले पुष्कळ पाय बायकांचे. नाना पाटलांच्या कन्या हौसाताई पाटील २०२१ मध्ये गेल्या. त्याआधी काही वर्षे विट्याच्या घरी त्यांनी पत्रकार पी. साईनाथ यांना जे सांगितले ते नोंदले गेले आहे. १९४३ मध्ये भवानीनगरच्या पोलीस ठाण्यातल्या बंदुका मिळवायच्या होत्या. हौसाताई तेव्हा सतरा-अठरा वर्षांच्या. ठाण्यासमोर रस्त्यावर एक नवरा बायकोला मारत सुटला आहे, असे नाटक रचले. नवरा म्हणजे सहकारी, बायको म्हणजे हौसाताई. मार खोटा वाटू नये म्हणून त्याने खरोखर मारले. बाई मरते की काय असे वाटून पोलीस सोडवायला बाहेर धावले, आणि मागून साथीदारांनी चार रायफली उचलल्या. म्हातारपणीही त्या माराची तक्रार त्यांच्या सांगण्यात होती. पुढे गोव्यात पोर्तुगिजांच्या तुरुंगात अडकलेल्या बाळ जोशी या साथीदाराला भेटायला त्या बहीण म्हणून गेल्या. सुटकेच्या बेताची चिठ्ठी त्यांनी अंबाड्यात लपवली होती. परतताना त्यांनी रात्री मांडवी पार केली ती लाकडी पेटीच्या आधाराने. तरुण बाई नवऱ्याचा मार खाते किंवा भावाच्या भेटीला जाते, यात संशय घेण्यासारखे काही आहे असे कोणत्याही पहारेकऱ्याला वाटले नाही. त्या काळातल्या बाईच्या वाट्याला आलेले आयुष्यच इथे सांकेतिक लिपीसारखे वापरले गेले. पोलिसांच्या डोळ्यांसमोर ती होती आणि त्यांना वाचता आली नाही.

हा पुरावा तोंडी आहे, सत्तर वर्षांनंतरचा आहे, आणि सांगणारी स्वतः त्या गोष्टीची नायिका आहे. पोलिसांनी ऐकून लगेच उतरवलेल्या रेडिओच्या टिपणांइतका तो तारीखवार पक्का नाही. तरीही ठाण्यातला अंमलदार जो अहवाल लिहील त्यात बंदुका चोरीस गेल्याचे असेल, त्या क्षणी तो रस्त्यावर कोणाला वाचवायला धावला होता हे असण्याची शक्यता कमी. ती अर्धी बाजू फक्त हौसाताईंकडेच होती. म्हणून अशा कथनांना मी दुय्यम मानत नाही, फक्त त्यांच्याकडून तारखेची अपेक्षा करत नाही.

बातमी अचूक मिळाली तर काय होऊ शकते याचे दोन मोठे दाखले आहेत. १४ एप्रिल १९४४ ला धुळे जिल्ह्यात चिमठाण्याजवळ सरकारी खजिना अडवून सुमारे साडेपाच लाख रुपये घेतले गेले. त्यात कुंडल-वाळव्याची माणसे होती, म्हणजे जी. डी. बापू, नागनाथ नायकवडी. घरापासून शेकडो मैलांवर, अनोळखी मुलखात, खजिना कोणत्या रस्त्याने आणि कधी निघणार हे कळल्यावाचून ते शक्य नव्हते. तिथल्या साथीदारांनी ते कळवले. त्याआधीचा दाखला घरचाच, शेणोलीचा. ७ जून १९४३ ला रेल्वे कर्मचाऱ्यांचे पगार घेऊन पुण्याहून मिरजेकडे जाणारी गाडी तूफान सेनेने रुळांवर दगड रचून अडवली. गाडीत पगार आहे, तो आज आहे, आणि गाडी शेणोलीवरून कधी जाणार, या तीन गोष्टी माहीत असणे हीच त्या हल्ल्याची खरी तयारी होती. जी रेल्वे सरकारची बातमी आणि कुमक वाहून नेत होती, तिचेच वेळापत्रक इथे तिच्याविरुद्ध उभे राहिले.

१९४६ मध्ये मुंबईत पुन्हा काँग्रेसचे मंत्रिमंडळ आले, वॉरंटे मागे घेतली गेली, आणि नाना पाटील कराडात लोकांसमोर उघडपणे उभे राहिले. पुढची भांडणे, म्हणजे कोण काँग्रेसमध्ये राहिला, कोण शेतकरी कामगार पक्षात आणि कम्युनिस्ट पक्षात गेला, हा वेगळा इतिहास आहे. नाना पाटील १९५७ मध्ये साताऱ्यातून आणि १९६७ मध्ये बीडमधून लोकसभेवर गेले, ते सरकार पक्षाच्या विरोधात उभे राहून.

शेणोलीला रुळांशेजारी त्या दिवसाचे छोटे स्मारक आहे. हल्ल्याचे नेतृत्व जी. डी. बापूंसोबत ज्यांनी केले ते रामचंद्र श्रीपती लाड, म्हणजे कॅप्टन भाऊ, २०२२ पर्यंत हयात होते. नव्वदी ओलांडल्यावर कुंडलला साईनाथ त्यांना भेटले, तेव्हा त्यांनी एका शब्दाला हरकत घेतली. सरकारी कागदांत आणि पुढे इतिहासाच्या पुस्तकांतही सगळीकडे 'गाडी लुटली' असे आहे. भाऊंचे म्हणणे असे, की तो पैसा इंग्रजांनी इथल्या लोकांकडून लुटलेला होता, आम्ही तो परत आणला. पत्री हा शब्द त्यांच्या साथीदारांनी चालवून घेतला होता. लुटणे हा शब्द त्यांनी शेवटपर्यंत मान्य केला नाही.